जिमसाठी अटॅकर निवडताना: सीपी विसरा, हिशेब मांडा

पोकेमॉन गो या मोबाइल गेममध्ये जिमवर (वेगवेगळ्या रंगांच्या टीम जिच्या ताब्यासाठी लढतात त्या जागेवर) 'बॅटल' दाबलं की गेम स्वतःच सहा जणांची टीम पुढे करतो. ती टीम बघून नवखा खेळाडू खूश होतो, कारण त्यात त्याचे सगळ्यात मोठ्या सीपीचे (कॉम्बॅट पॉवर, म्हणजे ताकदीचा एकूण आकडा) पोकेमॉन असतात. जुना खेळाडू मात्र ती तशीच पाठवत नाही. सुचवलेल्या टीममध्ये बऱ्याचदा दणकट पण मंद पोकेमॉन भरलेले असतात. ते मरत नाहीत हे खरं, पण मारतही नाहीत. एकेका डिफेंडरसाठी (जिम राखणाऱ्या पोकेमॉनसाठी) साधारण शंभर सेकंदांचं घड्याळ चालू असतं. समोर पूर्ण ताकदीची ब्लिसी असेल तर अशा टीमचा अर्धाअधिक वेळ तिला गुदगुल्या करण्यातच जातो.

या लेखात 'कामाचा अटॅकर' म्हणजे तीन गोष्टी वाचवणारा: वेळ, औषधं आणि स्टारडस्ट (पोकेमॉनची लेव्हल वाढवायला लागणारा माल). रेडच्या (बड्या बॉसशी मिळून लढायच्या लढायांच्या) याद्यांमध्ये वर झळकणारा प्रत्येक पोकेमॉन या तिन्हींत बसत नाही. रेडमधला बॉस हाती लागावा म्हणून आपण हात सैल सोडतो. जिमची कमाई मात्र ठरलेली आहे. आपला पोकेमॉन जिममध्ये बसला की दर १० मिनिटांना १ नाणं मिळतं, दिवसाला जास्तीत जास्त ५०. म्हणजे ८ तास २० मिनिटांपुढे त्या दिवसाची कमाई संपली. एवढ्यासाठी पिशवीतली निम्मी मॅक्स पोशन उडवणं परवडत नाही. त्यामुळे जिमचा अटॅकर स्वस्तात उभा राहणारा आणि स्वस्तात बरा होणारा हवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबावर उभ्या आहेत.

आधी एक जुना गोंधळ मिटवू. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत 'जिम ट्रेनिंगला कमी सीपीचा अटॅकर न्या' असा सल्ला अजून सापडतो. तो २०१६-१७ मधल्या पद्धतीचा आहे. तेव्हा आपल्याच टीमच्या जिममध्ये लढून त्याचं प्रेस्टिज (जिमचे गुण) वाढवता यायचं, ५०,००० प्रेस्टिजला जिम दहाव्या लेव्हलला जायचं, आणि डिफेंडरपेक्षा कमी सीपीच्या पोकेमॉनने जिंकलात तर प्रेस्टिज जास्त मिळायचं. जून २०१७ मध्ये जिमची पूर्ण पद्धत बदलली आणि प्रेस्टिज गेलं. आता आपल्या टीमच्या जिममध्ये फक्त बेरी खाऊ घालता येतात, लढाई होते ती दुसऱ्या रंगाच्या जिमशीच. तेव्हा मुद्दाम सीपी कमी ठेवण्यात आज काहीच अर्थ नाही. पण सीपीच्या मागे धावण्यातही नाही. तो का नाही, ते आता बघू.

पहिली पायरी: सीपी नेमकं काय सांगतो

सीपी हा अटॅक, डिफेन्स आणि एचपी (अंगातला जीव) या तिन्हींची खिचडी करून काढलेला एक आकडा आहे. त्यात अटॅकला जास्त वजन आहे, पण पोकेमॉनचा टाइप कोणता, त्याच्याकडे मूव्ह कोणत्या, समोर कोण उभं आहे, यातलं काहीही त्यात धरलेलं नाही. लढाईत तर सगळा फरक याच गोष्टी पाडतात.

प्रत्येक घावाचं गणित असं चालतं: मूव्हच्या पॉवरचा निम्मा, गुणिले आपला अटॅक भागिले समोरच्याचा डिफेन्स, गुणिले काही गुणक. उत्तरातला अपूर्णांक टाकून द्यायचा आणि १ मिळवायचा. गुणकांपैकी दोन तोंडपाठ हवेत. मूव्हचा टाइप आणि पोकेमॉनचा स्वतःचा टाइप एकच असेल तर १.२. समोरचा त्या टाइपला कमजोर असेल तर १.६, आणि त्याचे दोन्ही टाइप कमजोर असतील तर २.५६. उलट समोरचा तो टाइप झेलू शकत असेल तर गुणक ०.६२५ वर येतो.

आता एक तुलना करू. लेव्हल ४० चा, सगळे आयव्ही (जन्मजात जादा गुण) पूर्ण असलेला ड्रॅगोनाइट ३७९२ सीपीचा असतो, तसाच माचॅम्प ३०५६ चा. समोर ब्लिसी आहे. ड्रॅगोनाइटचा मूळ अटॅक २६३. ड्रॅगन मूव्हला ब्लिसी ना कमजोर ना भक्कम, म्हणून गुणक फक्त १.२, गुणाकार ३१६ च्या आसपास. माचॅम्पचा मूळ अटॅक २३४, पण फायटिंग मूव्हला १.२ आणि १.६ असे दोन्ही गुणक लागतात, गुणाकार ४४९ च्या आसपास. मूव्हची ताकद सारखी धरली तर सातशेहून जास्त सीपीने लहान असलेला माचॅम्प चाळीस टक्क्यांहून जास्त मारतो. सीपीचा आकडा बघून टीम लावणाऱ्याला हा फरक दिसतच नाही.

दुसरी पायरी: जिममध्ये कोण बसतं ते ओळखा

लेजेंडरी आणि मिथिकल पोकेमॉन जिममध्ये बसवता येत नाहीत, आणि एका जिममध्ये एका जातीचा एकच बसतो. त्यामुळे फिरून फिरून तेच चेहरे समोर येतात: ब्लिसी, चॅन्सी, स्नोरलॅक्स, स्लेकिंग, ड्रॅगोनाइट, टायरॅनिटार, मेटाग्रॉस, गॅराडॉस, व्हेपोरिऑन, टोगेकिस, गार्डेव्हॉर, राइपेरियर, मिलोटिक, आणि एखाद्या चिवट खेळाडूने ठेवलेला वोबफेट. हे एकदा ध्यानात आलं की अठरा टाइपच्या अठरा टीम उभ्या करायची गरज नाही हेही कळतं.

फायटिंगपासून सुरुवात करा. नॉर्मल टाइपला फायटिंग हा एकच टाइप भारी पडतो, आणि ब्लिसी, चॅन्सी, स्नोरलॅक्स, स्लेकिंग हे चौघेही निव्वळ नॉर्मल आहेत. त्याच टीमला टायरॅनिटारवर २.५६ चा गुणक मिळतो आणि राइपेरियरवरही १.६. जिमसाठी एकच टाइप वाढवायचा असेल तर हाच, यात मला तरी शंका नाही. बाकी टाइपचे एक-दोन गडी पुरतात, फायटिंगचे मात्र चार तरी हवेत. जिममधल्या डिफेंडरचा एचपी नेहमीच्या दुप्पट धरला जातो. ब्लिसीचा तर मुळातच गेममधल्या सगळ्यात मोठ्या एचपींपैकी एक, लेव्हल ४० ला चारशेच्या घरात. जिममध्ये तो आठशेवर जातो. एकट्या अटॅकरचा तिथे घाम निघतो.

त्यानंतर इलेक्ट्रिक. गॅराडॉसवर दुहेरी (२.५६) मार, आणि व्हेपोरिऑन, मिलोटिक, टोगेकिस यांच्यावरही चालतं. मग आइस, मुख्यतः ड्रॅगोनाइट आणि सॅलमेन्ससाठी. दोघांवरही दुहेरी मार बसत असल्याने एकच गडी पुरतो. मेटाग्रॉस, गार्डेव्हॉर, वोबफेट या सायकिक मंडळींसाठी घोस्ट. पाणी किंवा ग्रास राइपेरियरवर दुहेरी चालतं खरं, पण तिथे फायटिंगनेही काम भागतं, म्हणून ते सावकाश केलं तरी चालेल.

तिसरी पायरी: जातीपेक्षा मूव्ह आधी बघा

सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. पोकेमॉन बरोबर असतो, मूव्ह चुकीच्या असतात. फास्ट मूव्ह लढाईभर सतत चालते. चार्ज्ड मूव्ह ऊर्जा साठली की मधूनमधून. म्हणून दोन्ही मूव्ह एकाच टाइपच्या, आणि तो टाइप पोकेमॉनचा स्वतःचा, ही पहिली अट. माचॅम्पची चार्ज्ड मूव्ह डायनॅमिक पंच पण फास्ट मूव्ह बुलेट पंच असेल, तर ब्लिसीसमोर लढाईच्या मोठ्या भागात १.९२ ऐवजी नुसता १ चा गुणक लागतो. अशा वेळी फास्ट टीएम (मूव्ह बदलणारी वस्तू) वापरून काउंटर मिळवणं हे शेकडो सीपी वाढवण्यापेक्षा फायद्याचं.

फायटिंगमध्ये माचॅम्प आणि कॉन्केल्डर यांना काउंटर आणि डायनॅमिक पंच, लुकारियोला ऑरा स्फिअर, टेरॅकिऑनला सेक्रेड स्वोर्ड. माचॅम्पच्या तोडीचा नसला तरी हारियामाही कामचलाऊ आहे: काउंटर आणि डायनॅमिक पंच, अंगात भरपूर एचपी. ब्रेलूमकडेही याच दोन मूव्ह असतात, पण तो कागदासारखा फाटतो. इलेक्ट्रिकमध्ये मॅग्नेझोन किंवा इलेक्टिव्हायर, चार्ज्ड मूव्ह वाइल्ड चार्ज. आइसमध्ये मॅमोस्वाइन, पावडर स्नो आणि अव्हलांच. घोस्टमध्ये गेंगार किंवा शँडेलूर, चार्ज्ड मूव्ह शॅडो बॉल. लेजेंडरी टेरॅकिऑन सोडला तर हे सगळे साध्या जातींतून तयार होतात, म्हणजे त्यांना वाढवायला लागणारी कँडी मिळवायला रेड पास जाळावे लागत नाहीत. रायकू किंवा झेक्रोम हाती असतील तर जरूर वापरा, पण जिमसाठी म्हणून मुद्दाम त्यांच्या मागे लागू नका.

काही मूव्ह फक्त कम्युनिटी डेच्या (एखाद्या पोकेमॉनच्या खास दिवसाच्या) वेळात उत्क्रांत केल्यावर मिळतात, आणि नंतर त्यांच्यासाठी दुर्मीळ एलिट टीएम मोजावा लागतो. मेटाग्रॉसची मीटिऑर मॅश हे त्याचं ठळक उदाहरण. ती असलेला मेटाग्रॉस टोगेकिस आणि गार्डेव्हॉर दोघांनाही लोळवतो. ती नसेल तर एलिट टीएम जिमवर खर्चू नका, मॅग्नेझोन आणि घोस्ट गड्यांवर भागवा.

चार्ज्ड मूव्हच्या पट्ट्यांकडेही नजर टाका. काहींना एकच लांब पट्टी असते, काहींना दोन किंवा तीन. एका पट्टीची मूव्ह जोरदार असते, पण ती भरेपर्यंत पोकेमॉन पडला तर सगळी ऊर्जा वाया. शिवाय समोरच्याचा एचपी थोडाच उरला असताना ती सोडली तर बहुतेक घाव हवेत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत डिफेंडर अर्धमेले असतात, तिथे दोन-तीन पट्ट्यांच्या मूव्ह अधिक सोयीच्या. दुसरी चार्ज्ड मूव्ह उघडण्याचा मोह मात्र आवरा. ती खेळाडूंमधल्या लढतींत मोलाची आहे, जिममध्ये तेवढ्याच स्टारडस्टमध्ये आणखी एखादा गडी उभा राहतो.

चौथी पायरी: किती वाढवायचं आणि कुठे थांबायचं

आता खरा पैशाचा, म्हणजे स्टारडस्टचा प्रश्न. लेव्हल २० चा पोकेमॉन ३० वर न्यायला ७५,००० स्टारडस्ट लागतात आणि त्याचे अटॅक, डिफेन्स, एचपी साधारण साडेबावीस टक्क्यांनी वाढतात. तोच ३० वरून ४० वर न्यायला १,५०,००० लागतात आणि वाढ होते जेमतेम आठ टक्के. दुप्पट खर्च, फायदा मात्र साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढाच. ४० च्या पुढे तर एक्सएल कँडीही लागते.

म्हणून जिमच्या अटॅकरसाठी एक सोपी खूण: पॉवर-अपचं बटण ६,००० स्टारडस्ट मागायला लागलं की थांबा. तेव्हा तो पोकेमॉन लेव्हल ३१ ला पोचलेला असतो. लकी पोकेमॉनला (अदलाबदलीत कधीकधी मिळणाऱ्या) निम्मा खर्च येतो, तेव्हा त्यांच्यासाठी हीच खूण ३,००० वर. शॅडोला (टीम रॉकेट या खलनायक टोळीकडून मिळवलेल्या पोकेमॉनला) वीस टक्के जास्त पडतात, त्यांच्यासाठी ७,२०० वर. एक माचॅम्प ४० ला नेण्याच्या ऐवजी तेवढ्याच स्टारडस्टमध्ये दोन नवे माचॅम्प २० वरून ३० ला जातात, आणि ब्लिसीसमोर एका तगड्या गड्यापेक्षा दोन बरे गडी कधीही चांगले.

त्याहून स्वस्त वाट म्हणजे वाढवायची गरजच न पडणारा पोकेमॉन पकडणं. रानात सापडणारे पोकेमॉन लेव्हल ३० पर्यंतचे असतात, आणि हवामान त्यांच्या टाइपचं असेल तर ३५ पर्यंत. ढगाळ हवामान दाखवत असेल तेव्हा फायटिंग, फेअरी आणि पॉयझन यांना जोर मिळतो. त्या दिवशी मोठ्या सीपीचा माचॉप दिसला तर सोडू नका. तो पकडताक्षणीच जवळजवळ तयार अटॅकर असतो, त्याच्यावर एक कणही स्टारडस्ट न घालता.

कँडी वाचवण्याचीही एक वाट आहे. माचोक दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल करून मिळाला असेल तर त्याचा माचॅम्प फुकट होतो, एरवी १०० कँडी लागतात. गर्डरचा कॉन्केल्डर एरवी २०० कँडींचा, तोही अदलाबदलीनंतर फुकट. हॉन्टरचा गेंगारही तसाच. मित्राबरोबर माचोकला माचोक असा सौदा केला तर दोघांचाही फायदा. अदलाबदलीत आयव्ही नव्याने ठरतात, पण त्याची फार चिंता नको, आणि ती का नको ते लगेच बघू.

पाचवी पायरी: आयव्हीचा बाऊ करू नका

तीन चांदण्या, चार चांदण्या, शंभर टक्के असे शब्द कानावर पडून पडून लोक चांगला चालणारा पोकेमॉन फक्त आयव्हीसाठी बाजूला ठेवतात. माचॅम्पचा मूळ अटॅक २३४. आयव्हीत १५ मिळाले तर २४९, १० मिळाले तर २४४. फरक दोन टक्क्यांचा. शून्य मिळाले तरी सहा टक्क्यांचा. स्वतःच्या टाइपची मूव्ह नसल्याने होणारं नुकसान याच्या कितीतरी पट.

इथे घावाच्या गणितातला तो टाकून दिलेला अपूर्णांक आठवा. समजा, फास्ट मूव्हची पॉवर १२ आहे आणि गुणक १.९२. अटॅक आणि डिफेन्स समसमान असतील तर हिशेब ११.५२, म्हणजे ११ अधिक १, घाव १२ चा. अटॅक चार टक्क्यांनी वाढला तर ११.९८ होतात, घाव तरीही १२ चाच. पाच टक्क्यांनी वाढला की १२.०९, आणि मग घाव १३ चा. म्हणजे आयव्हीतला दोन टक्क्यांचा फरक फास्ट मूव्हच्या घावात कधी दिसेल, कधी अजिबात दिसणार नाही. रेडचे हौशी लोक या उंबरठ्यांचे तक्ते घेऊन बसतात. जिममध्ये डिफेंडर रोज वेगळा, त्याची लेव्हल वेगळी, फेरीगणिक त्याची ताकदही वेगळी. इथे असे तक्ते करण्यात वेळ घालवणं म्हणजे निव्वळ हौस.

शॅडो पोकेमॉनबद्दल मात्र आवर्जून सांगायला हवं. शॅडोचा मार १.२ पट होतो आणि त्याच्यावरचा मारही साधारण तेवढाच वाढतो. शॅडो माचॅम्पचा अटॅक आयव्ही शून्य असला तरी २३४ गुणिले १.२ म्हणजे २८० च्या वर जातो, साध्या पूर्ण आयव्हीच्या २४९ पेक्षा बराच पुढे. तेव्हा टीम रॉकेटकडून मिळालेला 'वाईट' माचॉप घाईघाईने शुद्ध (म्हणजे साधा) करू नका. फक्त त्याची फ्रस्ट्रेशन ही चार्ज्ड मूव्ह एरवी चार्ज्ड टीएमने निघत नाही, ठरावीक कार्यक्रमांच्या दिवसांतच निघते. ती निघेपर्यंत त्याच्यावर स्टारडस्ट घालू नका. आणि शॅडो लवकर पडतो, म्हणजे रिव्हाइव्ह (पडलेल्याला उठवणारं औषध) जास्त लागणार हे धरून चला. पिशवीत रिव्हाइव्ह ओसंडून वाहत असतील तर शॅडोंची टीम, तंगी असेल तर साधी.

सहावी पायरी: समोरचा काय मारतो तेही बघा

अटॅकर निवडताना आपल्या माराचा विचार सगळे करतात, त्याच्यावर येणाऱ्या माराचा कमी. ब्लिसीची फास्ट मूव्ह झेन हेडबट असेल आणि चार्ज्ड मूव्ह सायकिक किंवा डॅझलिंग ग्लीम, तर निव्वळ फायटिंग गड्यांना सगळंच दीडपटीहून जास्त लागतं. माचॅम्प तरीही जिंकतो, पण औषधं पितो. अशा ब्लिसीसमोर लुकारियो पुढे करा. तो फायटिंगबरोबर स्टीलही आहे, आणि स्टील सायकिक-फेअरी दोन्ही झेलतो, त्यामुळे दोन्ही मूव्ह त्याला साध्याच लागतात. हीच ब्लिसी पाउंड आणि हायपर बीमवाली असेल तर माचॅम्प निवांत.

स्नोरलॅक्सकडेही झेन हेडबट असते, टोगेकिस आणि गार्डेव्हॉर तर फायटिंगचे काळच. ड्रॅगोनाइटकडे स्टील विंग असेल तर मॅमोस्वाइनला ती दीडपट लागते, पण तो तोवर ड्रॅगोनाइटला संपवतो. स्लेकिंगचा चार हजारांवरचा सीपी बघून घाबरायचं कारण नाही. त्याची फास्ट मूव्ह यॉन असेल तर तिने जवळजवळ काहीच इजा होत नाही. धोका फक्त चार्ज्ड मूव्हचा.

त्या चार्ज्ड मूव्हच्या वेळी बोट डावी-उजवीकडे सरकवून चुकवता येतं, आणि नेमक्या क्षणी जमलं तर मार पंचाहत्तर टक्के कमी होतो. फास्ट मूव्ह चुकवत बसू नका, त्यात आपलाच मार बंद पडतो. चार्ज्ड तेवढी चुकवा, तीही पोकेमॉन त्यात पडणार असेल तरच. कारण एचपी गेला की त्या बदल्यात आपल्याला ऊर्जा मिळत असते. थोडा मार खाऊन लवकर चार्ज्ड मूव्ह सोडणं कधीकधी सोयीचंच पडतं.

सातवी पायरी: टीम लावणे, एका उदाहरणासह

समजा, जिममध्ये बसण्याच्या क्रमाने ब्लिसी, ड्रॅगोनाइट, मेटाग्रॉस, गॅराडॉस, टोगेकिस आणि स्नोरलॅक्स आहेत. लढाई याच क्रमाने होते, जो आधी बसला तो आधी. आपली टीम अशी लावा: लुकारियो, माचॅम्प, मॅमोस्वाइन, शँडेलूर, मॅग्नेझोन, आणि शेवटी आणखी एक माचॅम्प.

ब्लिसीला लुकारियो आणि पहिला माचॅम्प मिळून आटोपतात. ड्रॅगोनाइट आला की मॅमोस्वाइन. शँडेलूर घोस्टही आहे आणि फायरही, मेटाग्रॉसला दोन्ही जड जातात. त्यातही मेटाग्रॉसची बुलेट पंच फायरवर अर्धवटच लागते. त्याच्याकडे अर्थक्वेक असेल तर मात्र शँडेलूरला सांभाळा, ती चुकवायच्या मूव्हपैकी आहे. मॅग्नेझोन गॅराडॉस आणि टोगेकिस दोघांनाही एकटा पुरतो, कारण तो स्टीलही असल्याने टोगेकिसच्या फेअरी-फ्लायिंग मूव्ह त्याच्यावर बोथट पडतात. स्नोरलॅक्सला शेवटचा माचॅम्प. अदलाबदल लढाईच्या मधेही करता येते, पण त्यात क्षणभर मार थांबतो, म्हणून क्रम आधीच जुळवलेला बरा. ही टीम बॅटल पार्टी म्हणून नाव देऊन जपून ठेवा. पुढच्या वेळी एक-दोन गडी बदलले की काम झालं. साठ्यात '@' लावून मूव्हचं किंवा टाइपचं नाव शोधलं की त्या मूव्हवाले सगळे पोकेमॉन एकत्र दिसतात, तेही सोपं पडतं.

हवामानावर एक नजर टाकायला विसरू नका. ज्या टाइपला जोर असेल त्याच्या मूव्ह १.२ पट लागतात. ढगाळ हवेत फायटिंगवाल्यांची चैन. पाऊस असेल तर इलेक्ट्रिकची. पण थोडंसंच ढगाळ असेल तर नॉर्मल मूव्हना जोर, म्हणजे ब्लिसी आणि स्नोरलॅक्सलाच मदत. अशा वेळी औषधं थोडी जास्त लागणार.

आठवी पायरी: फेऱ्या आणि औषधांचा हिशेब

पूर्ण उत्साहात असलेला डिफेंडर एका हरण्याने बाहेर पडत नाही. प्रत्येक वेळी त्याचा उत्साह आणि सीपी खाली येतो, साधारण तिसऱ्या वेळी तो जिम सोडतो. याचा अर्थ पहिली फेरी अवघड, दुसरी मध्यम, तिसरी किरकोळ. तिन्ही फेऱ्यांना एकच टीम सारखीच बरी करून पाठवणं ही उधळपट्टी आहे.

इथे माचॅम्पसारख्यांचा आणखी एक गुण समोर येतो. लेव्हल ३० च्या माचॅम्पचा एचपी १६२ च्या आसपास असतो. हायपर पोशन २०० एचपी भरतं, म्हणजे एका बाटलीत तो पूर्ण बरा. पडला असेल तर रिव्हाइव्हने निम्मा जिवंत होतो आणि उरलेल्या ऐंशीच्या जागी ५० ची दोन सुपर पोशन पुरतात. मॅक्स पोशनला हात लावायची वेळ येत नाही. मोठ्या लेव्हलचा, अडीचशे एचपीचा पोकेमॉन प्रत्येक वेळी जास्तीची बाटली मागतो.

पहिल्या फेरीला चांगली टीम पाठवा. पडलेल्यांना नुसतं रिव्हाइव्ह द्या आणि निम्म्या एचपीवरच तिसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा, पोशन देऊच नका. तोवर ब्लिसीसुद्धा इतकी ढेपाळलेली असते की अर्धे माचॅम्प तिला पुरून उरतात. आधीच बराच वेळ कुणी बेरी न दिलेलं जिम दिसलं, डिफेंडरांची उत्साह दाखवणारी हृदयं रिकामी झालेली असली, तर पहिल्यापासूनच दुसऱ्या फळीचे गडी काढा.

मेगा पोकेमॉन (मेगा एनर्जी खर्चून तात्पुरता बलवान केलेला) एखादा चालू असेल तर सहांत एक ठेवायला हरकत नाही. त्याची मुदत काही तासांची असते, तेवढ्यात रेड आणि जिम दोन्ही उरकता येतात. केवळ जिमसाठी मेगा एनर्जी खर्चू नका. दोन-तीन जण मिळून एकाच वेळी त्याच जिमवर तुटून पडू शकत असाल तर मेगाची गरजही राहत नाही, आणि औषधं वाटली जातात.

कधीकधी मात्र तुम्ही डिफेंडरला दोनदा हरवता आणि पुढच्या क्षणी त्याचं हृदय पुन्हा काठोकाठ भरलेलं दिसतं. कुणीतरी दूर बसून गोल्डन राझ बेरी चारत असतो. एक गोल्डन राझ सगळा उत्साह परत आणते, आणि तुमच्या तीन फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी ज्यांना कुणी बेरी देत नाही ते डिफेंडर आधी बाहेर काढा. एक जागा रिकामी झाली तरी जिम अजून त्यांच्याच रंगाचं राहतं, म्हणून शेवटच्या डिफेंडरला उभं ठेवून थोडं थांबा, आणि त्याच्यासाठी पूर्ण बरे असलेले लुकारियो-माचॅम्प राखून तीन फेऱ्या सलग मारा. बेरी चारणाऱ्याला मधे श्वास घ्यायला वेळच द्यायचा नाही. तरीही तो चिकटूनच बसला असेल, तर दुसऱ्या जिमकडे वळा. नाणी तिथेही तेवढीच आहेत.